किंजळ आणि कातळी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
३ नोव्हेंबर २०२५

स्नेहल,

पाच वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि तेही काम पडलं म्हणून. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तुला ओळींच्या मागे काही शोधत बसायला नको. ईमेल केला असता, पण ईमेलला तू ‘पाहिलं, कळवते’ एवढंच लिहायचीस आणि कळवायची नाहीस. म्हणून हाताने लिहून फोटो पाठवते. माझं अक्षर अजूनही कोंबडीचे पाय शाईत बुडवल्यासारखंच आहे. तिकडे मलेशियात, सारावाकच्या जंगलात चष्मा लावून वाच.

माझी भाची अंकिता, जिला तू झाडावर चढायला शिकवलंस आणि तिच्या बापाची बोलणी मात्र मी खाल्ली, तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा प्रणित. चिरनेरचा, उरणला बंदरात नोकरी करतो, कमी बोलतो आणि अंकिता बोलत असताना तिच्याकडे बघत राहतो. आम्हाला सगळ्यांना पसंत. काल परेशदादाच्या घरी सुपारी फुटायची होती.

चहा झाला, पोहे झाले. मग प्रणितचे आजोबा, त्यांना सगळे दाजीच म्हणतात, त्यांनी देवक विचारलं. तुला हे सगळं माहीत असायचं कारण नाही. आमच्याकडे लग्नाआधी घराण्याच्या झाडाची फांदी वाजतगाजत आणतात, मांडवात बांधतात, तिची पूजा करतात. ते झाड म्हणजे देवक. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर ती माणसं भावकी, मुलगा-मुलगी भाऊ-बहीण. लग्न नाही.

दादा ऐटीत म्हणाला, ‘आमचं किंजळ.’ दाजी म्हणाले, ‘आमचं कातळी.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन झाडं, दोन घरं, काही अडचण नाही. आणि मग दाजींनी चष्म्यातून सावकाश माझ्याकडे पाहिलं.

‘मास्तरीण बाय, तुमीच शाळेन सांगितलंत ना, ही दोन नाय, एकच झाड हाय?’

स्नेहल, सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये, त्यांच्या गावच्या शाळेतल्या झाडं लावण्याच्या कार्यक्रमात. एका हातात पायथ्याच्या ओढ्याकाठची किंजळाची फांदी, मोठ्या मऊ पानांची. दुसऱ्या हातात वरच्या सड्यावरच्या, उघड्या कातळाच्या माळावरच्या कातळीची, बारक्या, जाड, चामड्यासारख्या पानांची. दोन्ही उंच धरून मी म्हणाले होते की नावं दोन असली तरी झाड एक आहे, खाली गाळाची खोल माती मिळाली म्हणून हे उंच झालं आणि वर ओंजळभर मुरुमात रुजलं म्हणून ते खुरटं राहिलं. एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पण मुलं टाळ्या वाजवायला लागली आणि मला चेव आला. मी म्हणाले, ‘ही सख्खी भावंडं आहेत.’

दाजी पहिल्या रांगेत होते.

तर काम हे आहे. ही दोन वेगळी झाडं आहेत असं म्हणणारी या जगात एकच बाई आहे, आणि ती तू. याच मुद्द्यावर आपला दोघींचा संशोधनाचा लेख अर्धा राहिला, तू चिरनेरच्या नाक्यावर चहा अर्धा टाकून उठलीस आणि उठलीस ती थेट समुद्रापलीकडे गेलीस. आता कृपा करून तुझं म्हणणं सहीशिक्क्यानिशी लिहून पाठव. मी ते दाजींसमोर वाचून दाखवीन आणि जाहीर हरेन. मला काही वाटणार नाही.

दीपिका


८ नोव्हेंबर

स्नेहल,

उत्तर आलं. एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. आनंद झाला, मग वाचलं.

‘झाडांबद्दल खोटं मी लिहिणार नाही, अंकितासाठीसुद्धा नाही. मला तेव्हा जे वाटत होतं ते आजही सिद्ध झालेलं नाही. तू गच्चीवरची रोपं का मोजत नाहीस?’

हे तीनदा वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रश्न आला की गच्चीवरची रोपं तुला कशी माहीत? तू गेलीस त्यानंतर दोन वर्षांनी मी ती कॉलेजच्या गच्चीवर लावली. कॉलेजात शिपायाशिवाय कुणाला पत्ता नाही. आणि अंकिताला, कारण मातीची पोती गच्चीवर चढवायला तीच होती.

तिला समोर बसवलं. म्हणाली, ‘आत्या, आमचं दर रविवारी बोलणं असतं. तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही.’

पाच वर्षं! म्हणजे माझं गुडघ्याचं दुखणं, मी विभागप्रमुख झाले ते, मी स्कूटर विकून पुन्हा तीच परत विकत घेतली ते, सगळं तुला ठाऊक. आणि इकडे मी दिवाळीला तुला पणतीचं चित्र पाठवायचं की नाही यावर दोन-दोन दिवस घालवायचे. अंकिताचा राग आला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली आणि घासता घासता लक्षात आलं की राग वगैरे काही नाही, मला बरं वाटतंय. आपल्याबद्दल कुणीतरी दर रविवारी विचारत होतं, हे बरं वाटण्यासारखंच आहे ना?

रोपांचं सांगते. तू नेहमी म्हणायचीस की जंगलात नुसतं पान मोजून काही कळत नाही. वरचं बी खालच्या मातीत आणि खालचं बी वरच्या मातीत लावून बघायला हवं. पान मातीमुळे बदललं असेल तर माती बदलल्यावर ते पुन्हा बदलेल. जे बदलणार नाही ते झाडाचं स्वतःचं. तर मी तेच केलं. वरून मुरूम आणला, खालून गाळ आणला, दोन्ही माती पिशव्यांत भरून त्यांत दोन्हीकडचं बी. रुजलं, वाढलं. आता माझ्या कमरेला लागतात.

मोजलं नाही. का, ते तू विचारतेस. माझं खरं निघालं असतं तर ते सांगायला कुणी नव्हतं. तुझं खरं निघालं असतं तर तुला पत्र लिहावं लागलं असतं. नुसतं पाणी घालत राहणं सोपं होतं.

दीपिका


१७ नोव्हेंबर

स्नेहल,

मोजलं.

अंकिताने सुट्टी काढली. म्हणाली, ‘माझं लग्न या पिशव्यांत आहे, मी घरी बसून काय करू?’ प्रणितही आला. आल्या आल्या त्याने जोडे काढून गच्चीच्या दाराबाहेर ठेवले, देवळात ठेवतात तसे. पिशव्या फाडायच्या, माती धुवायची, मुळं मोकळी करायची. संध्याकाळपर्यंत तिघंही कोपरापर्यंत चिखलात. शिपाई खाली जाऊन सांगून आला की मॅडमनी गच्चीवर भातलावणी काढली आहे.

पानं आधी. वरच्या कातळीचं बी खालच्या गाळात वाढलेलं, त्याची पानं रुंद, मऊ, पातळ. ओढ्याकाठच्या किंजळाशेजारी ठेवली तर मला स्वतःला ओळखू येईनात. आणि ओढ्याकाठचं बी मुरुमात वाढलेलं, त्याची पानं आकसून जाड झालेली, हुबेहूब सड्यावरची. जाडी मोजली, वजन केलं, तेच आलं. मी म्हणत होते तेच. मी अंकिताकडे पाहून हसले आणि तिचा चेहरा बघून लगेच हसू आवरलं. माझं खरं निघालं म्हणजे तिचं लग्न मोडलं, हे मी तेवढ्यापुरतं विसरले होते.

प्रणित मुळं धूत होता. तो म्हणाला, ‘आत्या, ही खाली वळलीत.’

वरच्या बियांची सगळी रोपं, स्नेहल. मुरुमातली ठीक, तिथे पाण्यासाठी खोल जायलाच हवं. पण गाळातली? त्यांना वरच्यावर सगळं मिळत होतं, खत, ओल, सगळं. तरी त्यांनी आधी गाजरासारखं जाड मूळ सरळ खाली सोडलं होतं, पिशवीच्या तळाशी पोचून ते गोल गोल फिरलं होतं, आणि वरचा शेंडा मात्र बेतानेच वाढवला होता. ओढ्याकाठच्यांनी उलट केलं. मुरुमातही वरवर मुळं पसरली, शेंडे उंच काढले आणि त्यातली बरीचशी दोन उन्हाळ्यांत मेली.

पान मातीचं ऐकतं. मूळ ऐकत नाही, निदान लगेच तरी नाही.

म्हणजे मी बरोबर आणि तूही बरोबर, आणि दोघींनी आपापली अर्धी गोष्ट धरून पाच वर्षं एकमेकींशी अबोला धरला. अंकिता हे ऐकून पायरीवर बसली आणि म्हणाली, ‘आत्या, म्हणजे झाड एक आहे का दोन? दाजींना एका शब्दात हवंय.’

मला एका शब्दात येईना. आकडे सोबत पाठवले आहेत. तू काय म्हणशील? आणि मी रविवारी चिरनेरला जाऊन दाजींना काय सांगू? मला ‘दोन’ असं म्हणून मोकळं होता येईल. कुणीही तपासायला येणार नाही.

दीपिका


२४ नोव्हेंबर

स्नेहल,

तुझं उत्तर निघताना मिळालं. ‘एकच झाड. दोन घराणी. जे दिसलं ते सांग.’ इतकं छोटं लिहितेस, पण मी ते रिक्षात बसून पुन्हा पुन्हा वाचलं.

काल चिरनेरला गेलो. मी, दादा, वहिनी, अंकिता. दादा वाटेत मला म्हणत होता, ‘दोनच सांग हां. तुजी शाळा नंतर कर.’  अंकिताने उतरताना माझी ओढणी सरळ केली.

दाजींच्या ओट्यावर बैठक. मी दोन्हीकडची धुतलेली रोपं नेली होती. ती मधे ठेवली आणि जसं होतं तसं सांगितलं. झाड एकच आहे, हे मी शाळेत बोलले ते खरं. पण पिढ्यान्‌पिढ्या वर राहिलेल्याची मुळं वरची झाली आहेत, खाली आणून लावलं तरी ती सवय त्याने सोडलेली नाही. सख्खी भावंडं म्हणाले ती माझी बोलायची हौस होती. पण मागे मागे जात राहिलं तर ती एकाच झाडाला जाऊन मिळतील, हे मी नाकारू शकत नाही.

दादाने कपाळाला हात लावला. अंकिता माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होती, आणि मला वाटलं, हे काय करून बसलीस तू.

दाजींनी एक रोप उचललं, मूळ बोटाने सरळ करून पाहिलं आणि खाली ठेवलं. म्हणाले, ‘म्हणजे देवक एकच. मग नाय जमाचा.’

तेव्हा आतून हौसाआजी बाहेर आल्या, दाजींची बायको. बारीक, काटक, दोन्ही हात पिठाचे. त्या इतका वेळ दाराआड ऐकत होत्या.

‘माजा म्हायेर कंचा?’ त्यांनी दाजींना विचारलं.

दाजींनी खाली ठेवलेलं रोप पुन्हा उचललं.

‘खालच्या आळीचा. माज्या बापाचा देवक किंजळ. तुमचा कातळी. म्हणजे इतकी वर्सं मी भावाच्या घरान भाकऱ्या भाजतंय काय?’

आधी कुणी हसलं नाही. मग वहिनी फसकन हसली, कारण तिचं माहेर वरच्या अंगाचं, कातळीचं, आणि दादाचं किंजळ. म्हणजे तीही त्याच हिशोबात आली. दादा तिला म्हणाला, ‘राखी बांधतेस काय आता?’ आणि मग ओट्यावरची सगळी माणसं आपापल्या बायकांची माहेरं आठवायला लागली. जो तो मोजतो आणि हसतो. डोंगराच्या या अंगाला वरच्यांनी खालच्यांत आणि खालच्यांनी वरच्यांत मुली दिलेल्या, दुसरं जवळ होतं कोण? प्रणित पहिल्यांदाच मोठ्याने हसताना दिसला.

दाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांना हसून घेऊ दिलं. मग शांतपणे म्हणाले, ‘तवा आमाला म्हाईत नव्हता. आता म्हाईत हाय.’

स्नेहल, मला ते वाक्य आवडलं. इतकी वर्षं मी वर्गात हेच सांगते, की एकदा कळलं की कळलं नाही असं वागता येत नाही. ते ऐकणारा माणूस मला मिळाला तो नेमका असा.

हौसाआजी म्हणाल्या, ‘मग वाट काडा. नुसता नाय म्हणाला अक्कल लागत नाय.’ आणि वाट निघाली. जुनी आहे, आता फारसं कुणी करत नाही. मुलीला लग्नाआधी दुसऱ्या देवकाच्या बाईच्या ओटीत द्यायची. त्या बाईने चार माणसांत तिला मांडीवर घ्यायची, आपली म्हणायची. मग मुलीचं देवक त्या बाईच्या घरचं. लग्न त्या देवकावर लागतं. एरवी मामाकडे देतात, पण मामाकडे कातळी. आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे, किंजळ. ओट्यावर बसलेल्या कुणाकडेही पाहिलं तरी दोनांपैकी एकच.

‘लांबची कोन हाय का तुमच्या ओळखीची?’ दाजींनी अंकिताला विचारलं. ‘पन उगीच नावाला नको. पोरीनं तिला मानलेली पायजे.’

अंकिताने क्षणभरही विचार केला नाही. ‘स्नेहलमावशी,’ म्हणाली. ‘कोल्हापूरची आहे. सध्या लांब असते.’

दाजींनी विचारलं, किती लांब. अंकिता म्हणाली, समुद्रापलीकडे, जंगलात. दाजी म्हणाले, मग झाडाचं तिला कळत असेल. मी म्हणाले, माझ्यापेक्षा जास्त. हे मी सगळ्यांसमोर म्हटलं, नोंद असू दे.

तू येशील का, हे मी विचारत नाही. अंकिता विचारते आहे. मी फक्त लिहिते आहे. लग्न फेब्रुवारीत धरलं आहे. तू आली नाहीस तर दाजी सुपारी फोडणार नाहीत, हेही तिने लिहायला सांगितलं आहे.

दीपिका


२ डिसेंबर

स्नेहल,

‘माझं देवक मला ठाऊक नाही, आईला विचारते,’ एवढं लिहून तू गप्प झालीस, त्याला आठवडा होत आला. इथे आमची अवस्था विचारू नकोस. वहिनी रोज फोन करून विचारते, कोल्हापूरचा निकाल लागला का. दादाला भीती, तुझंही किंजळ निघालं तर? मी त्याला सांगितलं की तिकडे किंजळ तुरळक. तो म्हणाला, तुजं शास्त्र आता बंद ठेव.

तुझ्या गप्प राहण्याचा अर्थ मी मात्र वेगळा लावते आहे. सांगू? तू खोटं लिहीत नाहीस. आणि चार माणसांत कुणाच्या तरी मुलीला ‘माझी’ म्हणायचं म्हणजे खोटं बोलायचं, असं तुला वाटत असेल. मीही यावर विचार केला. अंकिता माझ्या वहिनीची मुलगी आहे, हे नाव-गावासकट खरं आहे. पण गाळात लावलेल्या त्या रोपाची पानं बदलली तेव्हा ती काही खोटी पानं झाली नव्हती. ज्या मातीने अंकिताला वाढवलं त्यात तू होतीस. दर रविवारी होतीस. तिचं नीट ऐकून घेणं, वाद घालताना आवाज न चढवणं, हे आमच्या घरातलं नाही. आमच्या घरात तर सगळे एकदम बोलतात.

माझं हे म्हणणं चुकीचं असेल तर तसं लिही. वाद घालू. पण या वेळी इथे येऊन घालू, चहा संपेपर्यंत.

विमानतळ आता इथे घरापासून रिक्षाच्या अंतरावर झाला आहे. तू मुंबईला उतरलीस तरी मी घ्यायला येईन. पाटी धरून उभी राहणार नाही, पाच वर्षांत इतकी काही बदलली नसशील.

दीपिका

ता. क. पत्राचा फोटो काढत होते तेवढ्यात तुझा निरोप आला. आईच्या माहेरचं धरायचं नाही, बाबांच्या घरचं धरायचं, आणि ते देवक वड. वड! मी दादाला फोन केला, त्याने दाजींना केला. दाजी म्हणाले, ‘वड चालंल. वडाला कोन नाय म्हनल.’ आणि खालच्या ओळीत तू तिकिटाची तारीख लिहिली आहेस, ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही. थोडा वेळ माझ्यापाशीच ठेवते.


९ फेब्रुवारी २०२६

स्नेहल,

तू मला न उठवता डोंगरावर गेलीस. हे पत्र तुझ्या उशीवर ठेवते आहे. समोरासमोर बोलताना आपण दोघी मुळांवरच येतो, आणि मला आज मुळांवर बोलायचं नाही.

कालचं लग्न सगळ्यांनी पाहिलं. मला परवाचं लिहून ठेवायचं आहे. दादाच्या अंगणात पाट मांडला होता. नऊवारी तुला वहिनीने नेसवली आणि तू लाकडाच्या बाहुलीसारखी चालत आलीस. अंकिता तुझ्यापेक्षा वीतभर उंच. ती मांडीवर बसली तेव्हा तुझा चेहरा तिच्यामागे दिसेनासा झाला, आणि हौसाआजी म्हणाल्या, ‘आई खय गेली?’ सगळे हसले. तूही हसलीस, आवाजावरून कळलं.

वहिनीने तुझ्या ओटीत नारळ घातला आणि लगेच वळून आत गेली. तिच्या मागे मी गेले नाही. जायला हवं होतं, पण मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्या मनात अजूनही होतं की तू ऐन वेळी थांबशील, चष्मा पुसशील आणि दाजींना म्हणशील, हे जरा नीट मांडायला हवं.

दाजी काठी टेकून समोर उभे राहिले. त्यांनी चार माणसांना गप्प केलं आणि विचारलं, ‘पोर कोनाची?’

अंकिताने मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. तू चष्मा पुसला नाहीस. तिच्या खांद्यावरून डोकं बाहेर काढलंस आणि आमच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस,

‘माजी हाय.’